अळू आणि साई भाजी: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातील घरगुती पालेभाज्यांची लागवड

कल्याणच्या पुढे लोकलने जाताना रुळांच्या कडेला माठ, पालक, भेंडी यांचे हिरवे पट्टे तुम्ही पाहिले असतील. काही ठिकाणी त्यांना पाणी कुठून दिले जाते तेही खिडकीतून दिसते. बाजारात येणारी प्रत्येक जुडी अशाच जागेची असते असे नाही. वांगणी, शेलू, मुरबाडकडून चांगली भाजीही येते. अडचण एवढीच की जुडीवर पत्ता लिहिलेला नसतो.

टोमॅटो, भोपळा, काकडी यांच्यापेक्षा पालेभाजीत आपण झाडाचे पानच खातो. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू माती-पाण्यात असतील तर ते पानांत जास्त साठतात आणि ते मिठाच्या पाण्याने धुऊन जात नाहीत. धुण्याने माती, जंतू आणि वरवरचे काही अंश निघतात, पानाच्या आत गेलेले निघत नाही. वालधुनी आणि उल्हास या दोन नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे, हे या पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून घरी चार कुंड्या लावायच्या असतील तर मिरची-टोमॅटोच्या आधी पालेभाजी लावा, असे आम्ही सुचवतो.

कोणती पालेभाजी, हे तुमच्या घरच्या ताटावर ठरते. बदलापूर-अंबरनाथच्या मराठी घरांत गौरी-गणपतीला अळूवडी आणि अळूचे फतफते लागते. उल्हासनगरच्या सिंधी घरांत थंडीत पाहुणे आले की साई भाजी आणि भुगा चावल होतो. ही दोन्ही पाने घरी होऊ शकतात. फक्त लागवड पाहुण्यांच्या तारखेवरून उलटी मोजून करावी लागते.

आधी माती आणि पाणी

तळमजल्याला अंगण असेल तर माती विकत कशाला आणायची, असे वाटणे साहजिक आहे. बदलापूर गावठाणात किंवा जुन्या वाडीत, जिथे पूर्वी भातखाचर किंवा आंबा-जांभळाची झाडे होती, तिथली माती बहुधा चांगलीच असते. पण सोसायटीचे अंगण भरावाचे असेल तर त्यात डेब्रिज, रंगाचे तुकडे, नालेसफाईचा गाळ काहीही असू शकते. अशा जागेत फुलझाडे लावा. पालेभाजीसाठी कुंडी किंवा क्रेट घ्या आणि त्यात तुम्ही स्वतः भरलेले मिश्रण वापरा. नेहमीच्या मृदा परीक्षणात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश कळते. जड धातूंची तपासणी त्यात होत नाही. त्यामुळे 'रिपोर्ट चांगला आला' म्हणून भरावाच्या जमिनीत पालक लावू नका.

नदीकाठच्या वस्त्यांसाठी एक सूचना जास्तीची. २६ जुलै २००५ चा पूर आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली तो पूर, दोन्ही वेळी उल्हासचे पाणी घराघरांत आले. पुराचे पाणी कुंडीवरून गेले असेल तर त्या वेळी उभी असलेली पालेभाजी खाऊ नका, उपटून टाका. वरचा गाळाचा थर काढा, आणि शक्य असेल तर कुंडीतले मिश्रण फुलझाडांना देऊन नवे भरा.

पाणी नळाचेच द्या. अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे पाणी येते, ते शुद्ध केलेले असते. बोअरचे पाणी तपासलेले नसेल, आणि कारखाने किंवा नाला जवळ असेल, तर ते गाडी धुवायला ठेवा. पाणीकपातीच्या दिवसांत तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी कुंड्यांना पुरते. पूर्वी कोकणात अळू मोरीच्या पाण्यावरच वाढायचे आणि उत्तम यायचे, हे खरे. पण तेव्हा मोरीत राख आणि शिकेकाई होती. आजच्या मोरीतून डिटर्जंट, भांड्यांचे लिक्विड आणि फरशी पुसण्याचे औषध जाते. ती जागा आता अळूची राहिलेली नाही.

भंगारवाल्याकडची निळी प्लास्टिकची पिंपे अर्धी कापून कुंड्या करण्याची पद्धत आपल्याकडे बरीच आहे, कारण ती स्वस्त मिळतात. ती स्वस्त का मिळतात तेही पाहा. जवळच औद्योगिक वसाहती आहेत आणि बरीच पिंपे रसायनांची असतात. पिंपात आधी काय होते हे विकणाऱ्याला नक्की सांगता येत नसेल तर ते खाण्याच्या झाडांसाठी घेऊ नका. भाजीवाल्यांकडचे जुने क्रेट, मातीच्या कुंड्या, खाद्यतेलाचे डबे चालतात.

मिश्रणासाठी दोन भाग कोकोपीट, दोन भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग लाल माती घ्या. एका क्रेटला मूठभर निंबोळी पेंड पुरते. शेणखत कच्चे असेल, म्हणजे हाताला गरम लागत असेल किंवा त्याला वास येत असेल, तर महिनाभर थांबा.

गच्चीवर किती वजन ठेवायचे

हा भाग टाळून पुढे जाऊ नका, विशेषतः उल्हासनगरात राहत असाल तर. मे २०२१ मध्ये शहरातील दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. त्याला बागा कारण नव्हत्या. पण जुन्या इमारतीच्या गच्चीवर आपण काय चढवतो आहोत याचा हिशेब करायलाच हवा.

वापरातील सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात प्रति चौरस मीटर साधारण १५० किलो भार धरतात, तोही इमारत नीट बांधलेली असेल तर. आता एक क्रेट पाहू. ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद, त्यात १५ सेंमी उंचीपर्यंत मिश्रण भरले तर ३६ लिटर होते. वर सांगितलेले हलके मिश्रण पाणी दिल्यावर किमान ४० किलो भरते. हा भार चौरस मीटरवर काढला तर १६० किलोच्या पुढे जातो. नुसती ओली लाल माती भरली तर दीडपटीहून जास्त. म्हणजे गच्चीभर क्रेट एकाला एक चिकटून लावणे बरोबर नाही. भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर एकच ओळ लावा आणि दोन क्रेटमध्ये एका क्रेटएवढी जागा मोकळी सोडा. गच्ची गळत असेल, स्लॅबच्या खालच्या बाजूने लोखंड दिसत असेल किंवा पोपडे पडत असतील तर गच्चीवर काही ठेवू नका. आधी स्ट्रक्चरल ऑडिट. खिडकीच्या ग्रिलमध्येही जड कुंड्या लटकवू नका.

पालक, चुका, शेपू, मेथी यांना १५ सेंमी खोली पुरते. हे पालेभाजी निवडण्याचे आणखी एक कारण.

गौरी-गणपतीसाठी अळू

अळूला पाणी हवे, अर्धी सावली चालते, आणि आपल्याकडचा पाऊस त्याला मानवतो. दोन प्रकार लक्षात ठेवा. काळपट-जांभळ्या देठाचे, गर्द आणि जाड पानाचे ते वडीचे अळू. पोपटी-पांढरट देठाचे, मऊ पानाचे ते भाजीचे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पानांसाठी 'कोकण हरितपर्णी' ही जात दिलेली आहे. ती मिळाली तर घ्या.

नाही मिळाली तर एकच नियम पाळा: ज्या झाडाची वडी किंवा भाजी तुम्ही खाल्ली आहे, त्याच झाडाचा मुनवा आणा. शेजारीण, मावशी, गावचे घर, कुठूनही. बाजारातल्या अळकुड्या लावूनही झाड येते, पण पान खाजरे निघेल की नाही ते आधी कळत नाही. रस्त्याकडेला, ओढ्याकाठी उगवलेले रानअळू उचलून आणू नका. नर्सरीतली शोभेची 'अळवे' तर मुळीच खायची नाहीत. रंगीत ठिपक्यांची पाने, हत्तीच्या कानासारखी उभी पाने ही दिसायला अळूसारखी असली तरी खाण्याची नाहीत. खाण्याच्या आणि शोभेच्या कुंड्या शेजारी ठेवू नका. घाईच्या दिवशी पान कोण तोडेल याचा भरवसा नसतो.

लागवड मे अखेरीस करा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. दोन्ही वर्षांत मे अखेरची लागवड वेळेत बसते, जूनच्या शेवटी केलेली पहिल्या वर्षी कमी पडली असती. १४ ते १६ इंची कुंडीत एक मुनवा किंवा कोंब आलेला कंद पाच-सात सेंमी खोल लावा. पाऊस सुरू होईपर्यंत रोज पाणी द्या, माती सुकू देऊ नका. दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत द्या. अळूच्या कुंड्या वजनदार होतात, त्यामुळे त्या शक्यतो तळमजल्यावर किंवा अंगणात ठेवा.

सहा-आठ आठवड्यांत पाने काढणीला येतात. झाडावर कायम दोन-तीन पाने ठेवून बाकीची कापा. आणि सणाच्या अडीच-तीन आठवडे आधी कापणी पूर्ण थांबवा. हे बहुतेक जण विसरतात, श्रावणातल्या सोमवारी वड्या करतात आणि गौरीला बाजार गाठतात. एका झाडाकडून एका दिवशी वडीची दोन-तीनच चांगली पाने मिळतात. एका उंड्याला पाच-सहा पाने लागतात. चार झाडे असतील तर दोन उंडे होतील, म्हणजे पंचवीसेक वड्या. पंधरा माणसांच्या गौरीजेवणाला त्या एकेक वाढल्या तरच पुरतात. मनसोक्त हव्या असतील तर आठ-दहा झाडे लावा.

ऋषीपंचमीची भाजी करणाऱ्या घरांना हे जास्त जवळचे वाटेल. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही हा मूळ दंडक. नांगर न लावता परसात पिकलेले अळू, लाल माठ, भेंडी, शिराळे, पडवळ, सुरण हेच त्यात पडते. आज बाजारातून 'ऋषीची भाजी' म्हणून कापलेला वाटा आणला जातो. तो कोणत्या शेतातला, नांगर की ट्रॅक्टर, कोण विचारतो? घरच्या कुंडीतली अळूची दोन पाने आणि माठाच्या चार काड्या घातल्या तरी व्रत करणाऱ्या बाईला समाधान असते. अळूच्या कुंडीत कडेने जुलैत लाल माठाचे बी टाका, महिनाभरात कोवळा माठ निघतो.

अळू खाजते ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. चिरताना हाताला तेल लावा. शिजवताना चिंच, आमसूल किंवा ताक घाला आणि पान पूर्ण शिजू द्या. वडी वाफवताना घाई केली की घसा खवखवतो, मग दोष झाडाला जातो. अळू, पालक आणि चुका तिन्हींत ऑक्झलेट भरपूर असते. घरात कोणाला मुतखड्याचा त्रास असेल तर किती खावे ते डॉक्टरांना विचारा.

साई भाजीची पाने: पालक, चुका, शेपू

१९४७ नंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचे उल्हासनगर झाले. छावणीची आठवण 'कॅम्प नंबर' म्हणून अजून पत्त्यात आहे आणि सिंधची आठवण स्वयंपाकघरात. सिंधीत 'साई' म्हणजे हिरवी. पालक मुख्य, आंबटपणासाठी चुका, वासासाठी शेपू, थोडी मेथी, चणाडाळ, आणि बटाटा, वांगे, टोमॅटो यांपैकी जे असेल ते. सगळे एकत्र शिजवून रवीने घोटायचे. मराठी घरांत डाळपालक आणि आंबट चुका दोन्ही होतात, पण एकत्र क्वचित. करून पाहण्यासारखे आहे.

या पानांचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरच्या मध्यापासून पेरणी सुरू करा. ऑक्टोबरच्या उन्हात रोपे मान टाकतात, तेव्हा दुपारी जुनी साडी किंवा हिरवी जाळी बांधा. बदलापूरला पहाटेचा गारवा मुंबईपेक्षा जास्त असतो आणि पालकाला तो फार मानवतो.

पालकाचे बी रात्रभर भिजवा. ऑल ग्रीन, पुसा ज्योती या जाती सहज मिळतात. क्रेटमध्ये दहा-दहा सेंमीवर ओळी पाडून एक-दीड सेंमी खोल पेरा. महिना ते पस्तीस दिवसांत पहिली कापणी, जमिनीपासून दोन बोटे वर कापा, मग दर बारा-पंधरा दिवसांनी पुन्हा. तीन-चार कापण्या नीट मिळतात. चुका थोडा सावकाश, पस्तीस-चाळीस दिवस. त्याचे बी फार खोल टाकू नका, वरून बोटभर कोरडी माती भुरभुरवली की झाले. शेपू दाट झाला तर विरळ करा आणि विरळणीचाच शेपू भाजीत घाला. मेथी पंचवीस-तीस दिवसांत मुळासकट उपटायची. स्वयंपाकघरातल्या डब्यातली मेथी पेरली तरी उगवते, फक्त ती जुनी नसावी.

सहा माणसांच्या साई भाजीला पालकाच्या दोन मध्यम जुड्या, चुक्याची एक लहान जुडी आणि शेपू-मेथी मूठ-मूठ लागते. एका क्रेटमधून एका कापणीला एक मध्यम जुडी धरा, जास्त धरू नका. म्हणजे पालकाचे दोन क्रेट आणि तिसऱ्यात अर्धा चुका, अर्धा शेपू-मेथी. पाहुणे २५ डिसेंबरच्या सुट्टीत येणार असतील तर पालक-चुका १५ नोव्हेंबरच्या आसपास आणि मेथी २५ नोव्हेंबरला पेरा. चेटीचंड मार्च-एप्रिलमध्ये येतो, तोवर ऊन वाढून पालक फुलावर जातो. त्या दिवसासाठी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नवे बी टाका आणि पहिलीच कापणी वापरा, दुसरीची वाट पाहू नका.

रोग आणि कीड

सततच्या पावसात अळूवर पाणी शोषल्यासारखे तपकिरी गोल डाग येतात, तो करपा. डागाळलेली पाने लगेच कापून कचऱ्यात टाका, कुंड्या दूर दूर सरकवा. पाने कुरतडणारी अळी पानाच्या खालच्या बाजूला असते, सकाळी हाताने वेचा. गोगलगाई रात्री निघतात. कुंड्यांजवळ ओले गोणपाट ठेवा, सकाळी त्याखाली जमा झालेल्या हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ कुंडीत टाकू नका, झाड जाईल.

थंडीत शेपू आणि पालकावर मावा येतो. आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन पाहा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. नाही भागले तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारा, आणि चार दिवस भाजी काढू नका. दुकानातले रासायनिक कीटकनाशक घरच्या पालेभाजीवर मारायचे असेल तर मग घरी पिकवण्याचा खटाटोप कशासाठी? पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा, त्यात डेंग्यूचे डास होतात.

पाहुणे येण्याच्या आठवड्यात

अळूची पाने आदल्या दिवशी सकाळी काढा. पूर्ण उघडलेले, पण अजून मऊ असलेले पान घ्या. धुऊन पुसा, जाड शिरा लाटण्याने चेपा. बेसनात चिंच-गुळाचा कोळ, तिखट, तीळ आणि चमचाभर तांदळाचे पीठ घालून उंडे करा आणि वाफवून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवस चांगले राहतात. पाहुणे आल्यावर कापून तळायचे, म्हणजे बोलत बसता येते आणि वडीही गरम पडते. उरलेले देठ सोलून फतफत्यात जातात.

साई भाजीची पाने मात्र त्याच दिवशी कापा. चणाडाळ तासभर आधी भिजवा आणि पाने शेवटी चिरा, धुऊन मग चिरा. कापणी झाली की त्याच संध्याकाळी क्रेटला पाणी आणि मूठभर गांडूळखत द्या, पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी पुन्हा जुडी तयार असेल.